पंचवीस वर्षं जुनी निसान पावणेदोन कोटीला का जाते

माझा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो. पंधरा वर्षं झाली, आयटी, घरासमोर लॉन, गॅरेजमध्ये होंडा ओडिसी. मागच्या थंडीत एकदा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली, निळी निसान स्कायलाइन जीटी-आर, आर३४ मॉडेल, १९९९ ची, मागितलेली किंमत दोन लाख डॉलरच्या आसपास म्हणजे आपले पावणेदोन कोटी धरा, आणि खाली एकच ओळ, "अरे हे लोक वेडे झालेत का?"

थोडे झालेत, पण त्या वेडामागे हिशोब आहे. तो मी त्याला त्या रात्री व्हॉइस नोटमधून तुकड्या तुकड्याने सांगितला, तोच इथे लिहून काढतोय, कारण नव्वदच्या जपानी गाड्यांचे भाव हा विषय निघाला की लोक लगेच हॉर्सपॉवर आणि टर्बोवर घसरतात. गाडी किती पळते यावर भाव ठरत असता तर आजच्या एखाद्या साध्या इलेक्ट्रिक सेडानने या सगळ्यांना कधीच झोपवलं असतं. भाव ठरतो तारखेवर, किती बनल्या त्यावर आणि कागदावर. गाडी स्वतः चौथ्या नंबरला येते.

आधी या गाड्या झाल्याच कशा ते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये पैसा उतू जात होता, शेअर वर, जमिनी त्याच्याही वर, निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९०० च्या पुढे गेला आणि मग असा पडला की परत तिथे पोचायला २०२४ उजाडलं. या फुग्याच्या काळात गाड्या डिझाइन करणाऱ्यांना कोणी खर्चाचं फार विचारत नव्हतं. होंडाने १९९० ला आख्खी अ‍ॅल्युमिनियमची बॉडी असलेली एनएसएक्स काढली आणि ती घडत असताना चालवून बघायला थेट फॉर्म्युला वनच्या चॅम्पियनला, आयर्टन सेनाला बसवलं. मझ्दाने आरएक्स-७ मध्ये पिस्टनच नसलेलं १.३ लिटरचं रोटरी इंजिन घातलं, त्यावर दोन टर्बो, आधी एक जागा होतो मग दुसरा. टोयोटाची चौथ्या पिढीची सुप्रा १९९३ ला आली, तीन लिटरचं टूजेझेड इंजिन, बीडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा ब्लॉक, इतका दणकट की पोरं त्यातून दुप्पट ताकद काढतात आणि तो मान हलवत नाही. आणि निसानची आर३२ जीटी-आर, म्हणजे आर३४ च्या दोन पिढ्या आधीची (मधली आर३३), १९८९ ची, २.६ लिटरचं आरबी२६ इंजिन, चारही चाकांना ताकद, जिने ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची शर्यत १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ मारली. तिकडच्या एका मासिकाने तिचं नाव गॉडझिला ठेवलं ते आजपर्यंत चिकटलंय.

इथे एक गंमत. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की कागदावर २८० पीएसच्या (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) वर कोणी जायचं नाही. हे २००४ पर्यंत चाललं. त्यामुळे त्या काळची ब्रोशर बघितली तर सगळ्यांचा आकडा तोच, २८०, आणि आर३४ सारखी गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर चढवली की सव्वातीनशेच्या आसपास. आपल्याकडे जसं दस्तावर एक किंमत आणि व्यवहार वेगळा, तसंच, फक्त इथे आकडा खालचा सांगून गिऱ्हाइकाला जास्त दिलं.

मग फुगा फुटला, आणि आजच्या भावाची खरी पेरणी तिथे झाली. एकीकडे मंदी आणि दुसरीकडे येन महाग, इतका की एप्रिल १९९५ मध्ये एक डॉलर ८० येनच्याही खाली गेला. आता विचार करा, गाडी जपानमध्ये बनते, खर्च येनमध्ये, विकायची अमेरिकेत डॉलरमध्ये. नव्या सुप्रा टर्बोची किंमत तिकडे ४० हजार डॉलरच्या पुढे गेली, त्या पैशात तेव्हा कॉर्व्हेटसारखी अमेरिकन स्पोर्ट्स कार मिळायची, कोण घेणार टोयोटा? गाड्या शोरूममध्ये उभ्या राहिल्या. आरएक्स-७ ने १९९५ ला अमेरिका सोडली, निसानच्या ३००झेडएक्सने १९९६ ला, सुप्राने १९९८ ला. म्हणजे आज जी सुप्रा मिळत नाही म्हणून महाग आहे ती तेव्हा खपत नव्हती म्हणून कमी बनली. हे नीट लक्षात ठेवा, कारण कलेक्टर लोकांच्या बाजारात हे कायम दिसतं, जी गाडी तेव्हा धडाधड विकली गेली ती आज स्वस्त असते.

आता तारीख. आर३४ अमेरिकेत कंपनीने कधी विकलीच नाही. आणि अमेरिकेत १९८८ चा एक कायदा आहे, त्याप्रमाणे तिकडच्या सुरक्षा नियमांत न बसणारी परदेशी गाडी आणता येत नाही, पण गाडीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली की ते नियम तिला लागू होत नाहीत. यालाच सगळे पंचवीस वर्षांचा नियम म्हणतात. आणि ही पंचवीस वर्षं मोजायची गाडी बनल्याच्या महिन्यापासून. आर३२ तिथे २०१४ पासून जायला लागली, आर३३ २०२० पासून, आर३४ जानेवारी २०२४ पासून. त्यातही सगळ्या आर३४ एकदम नाही. १९९९ मध्ये बनलेल्या आधी गेल्या, व्ही-स्पेक टू नावाचं व्हर्जन २००० च्या उत्तरार्धातलं म्हणून ते २०२५ मध्ये, एम-स्पेक मे २००१ चं म्हणून मे २०२६, आणि सगळ्यात शेवटचं नूर व्हर्जन २००२ चं, म्हणजे २०२७. कॅनडात हीच मुदत पंधरा वर्षांची आहे, त्यामुळे कॅनडावाल्यांनी त्या आधीच घेऊन चालवून वर बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गंजवूनही टाकल्या, तो भाग वेगळा.

या तारखेचा भावावर काय परिणाम होतो? जपानमध्ये जुनी गाडी ठेवणं हे खर्चाचं काम आहे. दर दोन वर्षांनी शाकेन नावाची तपासणी, तिचा खर्च मोठा, आणि पेट्रोल गाडीला तेरा वर्षं झाली की टॅक्सही वाढतो. म्हणून तिथला सामान्य माणूस जुनी गाडी विकून मोकळा होतो, आणि अशा गाड्या वर्षानुवर्षं लिलावात आजच्या मानाने किरकोळ भावात निघत होत्या. जगातला सगळ्यात मोठा, पैसेवाला आणि याच गाड्यांचे फोटो भिंतीवर लावून वाढलेला गिऱ्हाईक मात्र काचेच्या पलीकडे उभा, बघतोय, घेता येत नाही. तारीख आली की काच सरकते. आणि बाजार काही तारखेची वाट बघत बसत नाही, व्यापारी लोकांनी तीन-चार वर्षं आधीच आर३४ उचलून जपानमध्येच झाकून ठेवल्या होत्या, जानेवारी २०२४ उजाडायच्या आतच भाव वाढून बसला होता. तुमच्या गावाजवळून हायवे जाणार अशी नुसती कुणकुण लागली की जमिनीचं काय होतं, ते बघितलंय ना, तेच.

आणि हो, येन. २०२४ च्या जुलैत एक डॉलर १६० येनच्या वर होता. १९९५ ला जो येन या गाड्यांच्या मुळावर आला तोच आता पडला, म्हणजे डॉलरवाल्याला जपानमधली गाडी निम्म्या भावात दिसायला लागली, आणि त्याने बोली वाढवली.

संख्येचं बघू. आर३२ जीटी-आर बनल्या ४४ हजारांच्या आसपास, आर३३ साडेसोळा हजार, आर३४ फक्त साडेअकरा हजार. नुसतं हे बघितलं तरी आर३४ एवढी वर का आहे ते कळतं. पण मग आर३३ हिच्या जवळ का नाही? संख्या तर आर३२ च्या निम्म्याहून कमी. कारण आर३३ हे मधलं पोर आहे. थोरल्याने शर्यती जिंकल्या, धाकटा सिनेमात आणि व्हिडिओ गेममध्ये चमकला, मधल्याचा अंग जरा जाड, चेहरा जरा गोल, त्याला कोणी विचारलं नाही. खरं म्हणजे गाडी म्हणून ती आर३२ पेक्षा सुधारलेली होती. पण वर म्हटलं ना, गाडी चौथ्या नंबरला. मला विचाराल तर मला आर३३ च आवडते, पण माझ्या आवडण्याने भाव हलत नाही.

एकाच मॉडेलच्या आतही उतरंड असते. आर३४ मध्ये शेवटचं नूर व्हर्जन सगळं मिळून हजाराच्या आसपास बनलं, ते साध्या आर३४ च्या दुप्पट तिप्पट बोलतं. आर३३ वर निसानच्याच रेसिंग विभागाने ४००आर नावाची गाडी काढली, १०० काढायच्या ठरल्या होत्या, झाल्या ४४. रंगावरसुद्धा पैसे आहेत, मिडनाइट पर्पल नावाचा जांभळा, उन्हात हिरवट-तांबूस मारणारा, त्याच्या मर्यादित गाड्या आल्या, तो रंग कंपनीतून असेल तर किंमत वर, तोच रंग मागून मारला असेल तर उलट खाली.

सुबारूची २२बी घ्या. १९९८, वर्ल्ड रॅलीत सुबारूने लागोपाठ तीन वर्षं कंपन्यांचं जेतेपद मारलं आणि कंपनीच्या गाड्यांना चाळीस वर्षं झाली म्हणून काढलेली दोन दारांची रुंद इम्प्रेझा, जपानसाठी फक्त ४००. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ऑनलाइन लिलावात एक ३ लाख १२ हजार डॉलरला गेली. २०२३ मध्ये रॅली चॅम्पियन कॉलिन मॅकरेची स्वतःची प्रोटोटाइप २२बी इंग्लंडमध्ये ४ लाख ८० हजार ५०० पौंडाला. आयटीवाल्यांसाठी जाता जाता, सुबारूच्या रॅली गाड्यांवर स्पॉन्सरचा ५५५ हा आकडा असायचा, तो हेक्साडेसिमलमध्ये लिहा, २२बी येतं. मुद्दाम की योगायोग यावर लोक अजून भांडतात.

आता सिनेमाचं, कारण त्याशिवाय सुप्राचा भाव समजत नाही. २००१ मध्ये फास्ट अँड फ्युरियस आला, त्यातली केशरी सुप्रा. तो सिनेमा चौदा-पंधराव्या वर्षी बघितलेला मुलगा आज चाळिशीकडे आहे, नोकरी जमलीय, घराचा हप्ता आटोक्यात आलाय, आणि आता त्याला ती गाडी पाहिजे. नव्वदच्या शेवटी प्लेस्टेशनवर ग्रॅन टुरिस्मो खेळलेले सगळे याच रांगेत. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या गेमिंग पार्लरमध्ये तासाला वीस रुपये देऊन ज्यांनी आर३४ पळवली ते पण याच रांगेत, फक्त मागे. कलेक्टर गाड्यांचा हा जुना नियम आहे, माणूस विशीच्या आत ज्या गाडीवर भाळतो ती तो चाळिशी-पन्नाशीत विकत घेतो.

सिनेमातली ती प्रत्यक्ष सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरला गेली, आणि सिनेमाचा हिरो पॉल वॉकरने चालवलेली, २००९ च्या चौथ्या भागातली निळी आर३४ मे २०२३ मध्ये १३ लाख ५७ हजार डॉलरला. या दोन बातम्या सगळ्या न्यूज चॅनलवर फिरल्या आणि त्यानंतर ज्याच्या त्याच्या दारातली सुप्रा एकदम सोन्याची झाली. हे आकडे तुलनेला घेऊ नका. ते गाडीचे नाहीत, पॉल वॉकरचे आहेत. साध्या पण एक नंबर कंडिशनमधल्या गाडीचा आकडा बघायचा तर २०१९ चा बघा, १९९४ ची सुप्रा ट्विन टर्बो, अमेरिकेत मोठ्या लिलावात १ लाख ७३ हजार ६०० डॉलर. तेव्हा लोक हसले होते.

आणि सुप्रा म्हणजे कुठलीही सुप्रा नाही. ट्विन टर्बो आणि सहा गिअरची मॅन्युअल, हे जोडपं पाहिजे. त्यातला गेट्राग कंपनीचा गिअरबॉक्स नुसता सुटा हजारो डॉलरला विकला जातो. ऑटोमॅटिक असेल तर भाव धपकन खाली, बिनटर्बो असेल तर आणखी खाली. बिनटर्बोला मागून टर्बो बसवला तर पळते टर्बोसारखी, विकते बिनटर्बोसारखी.

यावरून आलो सगळ्यात दुखऱ्या गोष्टीवर, ओरिजिनल. या गाड्यांचा जन्मच मॉडिफाय व्हायला झाला होता, नव्वदीत ज्याने आर३२ घेतली त्याने आठवड्यात एक्झॉस्ट बदलला, महिन्यात टर्बो, आणि आज नेमकी हात न लावलेली गाडी शोधायला गेलं तर सापडत नाही, म्हणून तिला पैसे. होंडा इंटेग्रा टाइप आर हे याचं उत्तम उदाहरण आहे, १.८ लिटर, टर्बो नाही, पुढची चाकं ओढतात, अमेरिकेत १९९७ ला २५ हजार डॉलरच्या आत मिळायची. चोरांची लाडकी, पोरांची लाडकी, अर्ध्या ठोकल्या गेल्या नाहीतर सुटे भाग होऊन दुसऱ्या होंडांत गेल्या. २०१८ मध्ये जेमतेम १२०० मैल चाललेली एक निघाली आणि ६३,८०० डॉलरला गेली, पुढच्याच वर्षी दुसरी एक ८२ हजारांना. त्याच मॉडेलची दीड लाख मैल चाललेली, रंग मारलेली, सीट बदललेली याच्या एका तुकड्यात मिळते.

आपल्याकडे हे कळायला परदेशात जायची गरज नाही, यामाहा आरएक्स१०० बघा. १९९६ ला बंद झाली, आमच्याकडे एका काकांनी ती किलोच्या भावाने भंगारात घातली, आणि आज ओरिजिनल रंग, ओरिजिनल सायलेन्सर, फर्स्ट ओनर असं पत्र्याला हात न लागलेलं पीस कोल्हापूर-साताऱ्याकडे लाखाच्या पुढे सांगतात आणि घेणारा घेतो. काकांसमोर हा विषय काढत नाही आम्ही.

आता कागद. आतेभावाने टाकलेल्या लिंकमध्ये खाली एका जपानी ऑक्शन शीटचा फोटो होता आणि त्याने तो बघितलाच नव्हता. जपानमध्ये जुन्या गाड्यांचे लिलाव डीलर लोकांचे असतात, हजारो गाड्या एका दिवसात, आणि प्रत्येक गाडीला लिलावघराचा माणूस तपासून एक पान भरतो. ते पान म्हणजे या गाड्यांची कुंडली. वर कोपऱ्यात ग्रेड असतो. साडेचार म्हणजे उत्तम, चार म्हणजे चांगली, साडेतीन म्हणजे वापरलेली, आणि आकड्याच्या जागी आर किंवा आरए असेल तर गाडी ठोकून दुरुस्त झालेली आहे, मुद्दा तिथे संपला. शेजारी आतल्या कंडिशनला ए, बी, सी असे अक्षर. खाली गाडीचं वरून उलगडलेलं चित्र, त्यावर खुणा, ए१ म्हणजे बारीक ओरखडा, यू म्हणजे पोचा, एस म्हणजे गंज, डब्ल्यू म्हणजे तिथे पत्र्याचं काम झालंय, पुट्टी-रंग, आणि एक्सएक्स म्हणजे तो भागच बदललाय. मीटरच्या किलोमीटरपुढे चांदणी किंवा डॉलरची खूण दिसली तर मीटर बदललाय किंवा खरं चालणं माहीत नाही.

त्या निळ्या आर३४ च्या शीटवर बॉनेट आणि उजवा पुढचा फेंडर दोन्हीवर एक्सएक्स होतं आणि ग्रेडच्या चौकटीत स्वच्छ आर. जाहिरातीत लिहिलं होतं, "अतिशय स्वच्छ, संग्राहकासाठी".

चेसिस नंबर दुसरी गोष्ट. खऱ्या आर३४ जीटी-आरचा नंबर बीएनआर३४ ने सुरू होतो आणि तो इंजिनच्या मागच्या भिंतीवर पत्र्यात ठोकलेला असतो. साधी टर्बोवाली स्कायलाइन असेल तर ईआर३४. तिला जीटी-आरचे बंपर, रुंद फेंडर, मागचा विंग लावून जीटी-आर बनवणारे भरपूर आहेत आणि रात्री पेट्रोल पंपावर बघितली तर तुम्हाला काहीही फरक कळणार नाही. गंजाचं पण बघायचं, या गाड्या पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या टोकाशी, जिथे शॉक अ‍ॅब्सॉर्बर वर बसतो तिथे गंजतात, आणि तो गंज बॉनेट उघडून नीट वाकल्याशिवाय दिसत नाही.

एक राहिलं, भाव बघायचा कुठे. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला आकडा असतो, आपल्याकडे फ्लॅटच्या जाहिरातीत असतो तसा. बघायचा तो लिलावात विकल्या गेलेल्या गाडीचा, आणि त्यातही बघायचं की विकणाऱ्याने ठरवलेली राखीव किंमत गाठली की बोली अर्धवट राहिली, कमिशन धरून आहे की सोडून, कारण मोठ्या लिलावघरात ते दहा टक्क्यांच्या वर असतं. २०२० ते २०२२ लोक घरात बसून पैसे साठवत होते आणि ऑनलाइन बोली लावत होते, तेव्हाचे आकडे फुगलेले आहेत, त्यानंतर साध्या कंडिशनच्या गाड्या उतरल्या आणि उत्तम मात्र फारशा हलल्या नाहीत. कंपन्यांनीही वास घेतलाय, निसानने २०१७ पासून आर३२ चे भाग परत बनवायला घेतले, मग आर३३, आर३४ चे, टोयोटानेही २०२० पासून सुप्राचे. भाग मिळायला लागले की मोडकी गाडी पण उभी करायला परवडते.

भारतात आणायचं कोणी डोक्यात घेतलं असेल तर, जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी आणि वर ड्युटी गाडीच्या किमतीहून जास्त. व्हिंटेज म्हणून सवलत आहे ती पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला. १९९९ ची आर३४ म्हणजे २०४९.

आतेभावाला शीटचा अर्थ सांगितल्यावर तो बराच वेळ टायपिंग दाखवत होता आणि मग मेसेज आला, "मग आर३३ बघू का?" मी काही बोलायच्या आत वहिनींची व्हॉइस नोट आली, मागे कुकरची शिट्टी, "भावोजी, तुम्ही त्याला नादी लावू नका, आमच्या गॅरेजमध्ये लॉनमोवर ठेवायला जागा नाही."